अकरा दारांची बिस्किटं

मंगळवार, ४ तारीख

'प्रिय' लिहिलं तर तू नाक मुरडशील आणि नाही लिहिलं तर तुझ्या ताई मुरडतील, कारण पाकीट आधी त्याच फोडणार. ताई, नमस्कार. पुढचं फक्त तिच्यासाठी आहे.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. 'मागची खोली रिकामी केलीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.'

तर हो.

दात-कवळ्या बनवायचं सगळं सामान हलवलं. घासायचं मशीन, मेणाचे डबे, भट्टी, साचे, सगळं. आता तिथे फक्त खिडकी आणि भिंतीवरचे पांढरे डाग आहेत, ते रंग दिल्याशिवाय जाणार नाहीत. धूळ उडत नाही, त्यामुळे धाकट्या बेडकीचा खोकला कमी आहे. परवापासून तिने एकदाही मला उठवलं नाही.

तेवीसला रविवारी तू येणार. खोली रिकामी दिसली तर बॅग खाली ठेवणार, नाही तर मुलींच्या बॅगा उचलून नेणार. जाताना दारात उभं राहून तू हे सांगितलंस तेव्हा मी कुणाची तरी कवळी हातात धरून उभा होतो. त्यामुळे मी ऐकलं नाही असं तुला वाटलं असेल. ऐकलं होतं. तोंडपाठ आहे.

बाकी सांगायचं म्हणजे मुलींची सुट्टी सुरू झाली आणि त्यांनी बिस्किटांचा विषय काढला. मी म्हटलं, यंदा राहू द्या, दुकानातून आणू. त्यावर मुकादमने (हो, मी थोरलीला आता उघडपणे मुकादम म्हणतो, तिलाही आवडतं) असं बघितलं की मी निमूट पीठ आणायला गेलो. इमारतीतली अकरा दारं, प्रत्येक दाराला एक मोठं बिस्कीट, त्यावर त्या दाराचा नंबर. शिवाय चांदण्या, मासे, घरं. सगळ्या दारांना पोचेपर्यंत घरात कुणी एकही खायचं नाही. नियम तुझाच आहे, ती मला वाचून दाखवल्यासारखा सांगते.

खरं सांगू? इतकी वर्षं ही बिस्किटं होताना मी पाहिलीच नाहीत. मागच्या खोलीत वास यायचा एवढंच.

— मी


रविवार, ९ तारीख

पहिली खेप वाया गेली. चांदण्या ओव्हनमध्ये गेल्या त्या चांदण्या म्हणून, आणि बाहेर आल्या त्या गाईच्या पावलांसारख्या. मासे एकमेकांना चिकटून एक भलंमोठं काहीतरी झालं. बेडकी हसून हसून जमिनीवर लोळली. मुकादम हसली नाही.

"आई असं नाही करत," ती म्हणाली.

"मग कसं करते?"

तिने वहीच्या मागच्या पानावर 'आईची पद्धत' म्हणून नऊ पायऱ्या लिहिल्या आहेत. आठवून आठवून. सहावीसमोर नुसती रेघ आहे. पीठ मळल्यावर आणि लाटायच्या आधी तू काहीतरी करतेस, ते काय ते तिला आठवत नाही. "तू काहीतरी करून आम्हाला खेळायला पाठवायचीस" एवढंच तिला आठवतं. म्हणजे मला नाही, तुला म्हणत होती. ती हल्ली बोलता बोलता मधेच तुझ्याशी बोलायला लागते.

सहावी पायरी कोणती ते कळवशील? एका ओळीत चालेल. पत्र मला नको, तिला लिही.

मी आपल्या अकलेने पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं. मेण गार असलं की धार नीट निघते, तसंच हेही असेल असं वाटलं. दुसऱ्या खेपेच्या चांदण्या चांदण्यांसारख्या निघाल्या. जरा जास्त भाजल्या गेल्या, पण पाच टोकं मोजता आली. मुकादमने एक हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि "चालेल" म्हणाली. दातांच्या डॉक्टरीणबाई माझं काम तपासतात तेव्हा अगदी असाच चेहरा करतात.

वरचं साखरेचं काम मात्र जमत नाही. पिठीसाखर, पाणी, लिंबाचे थेंब, हे सगळं बरोबर घेतलं. पिशवीचा कोपरा कापून नंबर काढायला गेलो तर साताचा एक झाला आणि आठाचं तळं. रात्रभर वाळत ठेवलं तरी सकाळी बोटाला चिकटतंच. मी दाताच्या टोकावर केसाएवढी रेघ काढू शकतो, पण सात वर्षांच्या पोरीसमोर मला आठाचा आकडा काढता आला नाही. हात टेकले.

लाटणं ठेवायला जागा कुठे आहे असं मुकादम विचारत होती. कपाट भरलंय म्हणाली. मी म्हटलं, भरलेलंच बरं.

सहावी पायरी विसरू नकोस.

— मी


शनिवार, १५ तारीख

तुझं पत्र आलं नाही. हरकत नाही, कारण आज जमलं!

आज सकाळपासून तिघंही स्वयंपाकघरात. बेडकीला स्टुलावर उभं केलं, मुकादम वही घेऊन, आणि मी ओव्हनसमोर, कारण मागच्या वेळी भाजणं जास्त झालं होतं. साखरेचं काम मुलींकडे दिलं. पिठीसाखर संपत आली म्हणून मी दुकानात जायला निघालो, तर मुकादम म्हणाली, कपाटात मागे अजून एक बरणी सापडली. तू किती साठवून ठेवतेस!

आणि यंदा पहिल्यांदाच वरचा थर बसला. नुसता बसला नाही, दहा मिनिटांत असा गुळगुळीत आणि पांढराशुभ्र झाला की मी चष्मा लावून पाहिला. कड सुबक, नंबर स्वच्छ, कुठे ओघळ नाही. वाटी हाताला जरा कोमट लागत होती, ओव्हनजवळ ठेवल्यामुळे असेल. बेडकीने बोट चाटलं आणि म्हणाली, "गोड कमी आहे." मी म्हटलं, कमीच बरं, दातांना चांगलं. मुकादम आज पहिल्यांदा हसली. तिने बिस्कीट टेबलावर ठोकून पाहिलं तर टक्क असा आवाज आला.

"आईपेक्षा भारी!" बेडकी म्हणाली. मुकादमने तिला चिमटा काढला. मग हळूच मला म्हणाली, "पण आईला दाखवायला ठेवू या ना थोडी. ती येईल तेव्हा."

मी म्हटलं, एक पूर्ण डबा ठेवू.

उद्या सकाळी दोघी अकरा दारं वाजवणार आहेत. फ्रॉक इस्त्री करून ठेवलेत. इस्त्री मी केली, बेडकीच्या फ्रॉकला एक नको ती घडी पडलीय, पण लक्ष देऊन बघितल्याशिवाय दिसत नाही. तू नसताना हे घर चालू शकतं असं मला दाखवायचं नाही, गैरसमज नको. तू येशील तेव्हा तुला आल्यासारखं वाटावं, एवढंच मला दाखवायचं आहे.

— मी


सोमवार, १७ तारीख

बिस्किटं वाटून झाली. सगळ्यांना आवडली.

बेडकीचा एक दात पडला. पडायचाच होता.

इकडे थंडी वाढली आहे. मुलींचे स्वेटर काढले. मुकादमचा हाताला आखूड झालाय.

रविवारी किती वाजता येशील ते खालच्या शिवणकामवाल्या काकूंच्या फोनवर मुलींना सांगून ठेव. मी जिन्यापाशी येईन, किंवा तुला नको असेल तर येणार नाही.

— मी


बुधवार, १९ तारीख

हे पत्र जलद टपालाने टाकतो आहे, म्हणजे तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. ताई, कृपा करून हे उघडू नका. किंवा उघडा. आता काय फरक पडतो.

खोली रिकामी केली हे खोटं होतं.

म्हणजे खोली रिकामी आहे. तिथलं सामान मी घरातच पसरवलं. मशीन पलंगाखाली आहे, भट्टी कपड्यांच्या कपाटात तुझ्या साड्यांच्या जागी, साचे गादीखाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक गाळा बघून ठेवलाय, खराच बघितलाय, पण मालक म्हणतो पुढच्या महिन्यात देतो. तुला 'पुढच्या महिन्यात' असं लिहायची माझी हिंमत झाली नाही. हा शब्द तू माझ्या तोंडून किती वर्षं ऐकलास ते मला माहीत आहे. तू हो किंवा नाही विचारलंस आणि मी हो लिहून टाकलं. तेवीसपर्यंत काहीतरी होईल असं वाटलं.

दातांचे साचे ओतायच्या पांढऱ्या प्लास्टरच्या बरण्या मी स्वयंपाकघरातल्या कपाटात मागे ठेवल्या होत्या. तुझ्याच बरण्या. वर चिठ्ठी लावली नव्हती, कारण चिठ्ठी लावली असती तर तुला दिसली असती.

आता तुला कळलंच असेल.

पंचवीस वर्षं मी हे प्लास्टर कालवतो. बसताना ते गरम होतं, हे मला झोपेतही कळतं. वाटी माझ्या हाताला कोमट लागली, मी तुला तसं लिहिलंही, आणि तरी मला कळलं नाही. कारण आकडे छान आले होते ना. मी खुश होतो.

रविवारी सकाळी मुलींनी अकरा दारं वाजवली. परत आल्या आणि नियम संपला म्हणून बेडकीने सगळ्यांत मोठी चांदणी उचलली आणि जोर लावून चावली. मी समोरच होतो. आवाज आला. तिने हात तोंडावर धरला, हात बाजूला केला तर ओठावर रक्त आणि तळहातावर दाताचा कोपरा.

दुधाचा दात नव्हता. वरचा पुढचा, नवा आलेला, कायमचा. सोमवारच्या पत्रात मी 'पडला, पडायचाच होता' असं लिहिलं. दुधाचा कोणता आणि कायमचा कोणता हे न कळणारा माणूस या धंद्यात नसतो. मी ते समजून उमजून लिहिलं.

मी तो तुकडा सुकू नये म्हणून दुधात टाकला, तिला खांद्यावर घेतलं आणि मुकादमला ओरडलो, "सगळ्यांकडून परत आण! कुणाला खाऊ देऊ नकोस!" ती पोरगी अनवाणी तीन मजले फिरली. पाच जणांनी अजून उघडलं नव्हतं. दोघांनी देवासमोर ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांची कवळी मीच केली आहे, ते चहात बुडवून मऊ व्हायची वाट बघत बसले होते. "पंधरा मिनिटं झाली, बाळ," असं ते तिला म्हणाले म्हणे. एरवी तुला हे सांगताना मी हसलो असतो. कुणाला काही झालं नाही. मी संध्याकाळी प्रत्येक दारी जाऊन माफी मागितली. सगळे फार चांगलं वागले, त्याचाच त्रास झाला.

डॉक्टरीणबाईंनी सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडला. काय चावलं विचारलं. मी म्हटलं, कडक चॉकलेट. त्यांनी आरशाने दाताच्या मागे पाहिलं, सुईने थोडं खरवडलं, बोटांत चोळलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याच हातचे प्लास्टरचे साचे त्या रोज हाताळतात. मग हातमोजे बदलून कामाला लागल्या. कोपरा पुन्हा बसवून जोड दाताच्या रंगाने भरला आहे, शिरेला धक्का आहे का ते सहा महिन्यांनी कळेल. पोटात थोडंसंच गेलं असेल, पाणी भरपूर द्या म्हणाल्या. ती ठीक आहे, खेळते आहे. पण कडक काही द्यायचं नाही, आणि सफरचंद चिरूनच द्यायचं.

हे सगळं मी तुझ्यापासून लपवलं असतं. खरंच लपवलं असतं. रविवारी तुला दाताचा जोड दिसला नसता, काम चांगलं झालंय. बरण्या पोत्यात भरून गच्चीवर नेल्या असत्या. मी तसं ठरवलंही होतं.

पण काल संध्याकाळी तू काकूंच्या फोनवर मुलींशी बोललीस. मी जिन्यात उभा होतो, काकूंचं दार अर्धं उघडं होतं. मुकादम बोलत होती.

"हो आई, दात जिन्यावर पडून लागला तिला. नाही, थोडासाच. हो, खोली एकदम रिकामी आहे. मी बघितली ना. रोज झाडते मी."

दहा वर्षांची आहे ती. अडखळली नाही, थांबली नाही, वर 'रोज झाडते' हे स्वतःचं जोडलं. मी तिला काही शिकवलं नव्हतं. एक शब्द बोललो नव्हतो तिच्याशी याबद्दल. माझी पत्रं वाचली असतील, माझंच बघून तिने उचललं. बेडकी शेजारी उभी राहून मान हलवत होती, तिलाही पढवलं होतं.

वर आल्यावर मुकादमने माझ्याकडे बघून नुसतं डोळ्यांनी विचारलं, बरोबर बोलले ना? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो? तिला रागावायचा हक्क मला कुठे उरलाय.

तू बॅग खाली ठेवावीस म्हणून मी काहीही केलं असतं, हे मला कळून चुकलंय. पण ती बॅग या पोरीच्या खोटं बोलण्यावर खाली ठेवली जाणार असेल तर ते मला झेपणार नाही. म्हणून लिहितोय.

तू ये. जे ठरलं होतं तेच कर. तिला मात्र बोलू नकोस, तिने जे केलं ते माझ्यासाठी केलं.

मुलींच्या बॅगा मी भरून ठेवतो. खोकल्याचं औषध बेडकीच्या बॅगेच्या बाहेरच्या खणात असेल, झोपताना एक चमचा.

— मी


सोमवार, २४ तारीख

काल तू जे पाहिलंस ते तुला परत सांगत नाही. तू बेडकीला खिडकीपाशी नेऊन हनुवटी वर केलीस आणि म्हणालीस, "रंग बरोबर जुळलाय." मी गाढवासारखा म्हणालो, "शेड मीच काढून दिली होती." तेवढंच आपलं बोलणं झालं. मागच्या खोलीचं दार तू उघडलंसुद्धा नाहीस.

जे तू पाहिलं नाहीस ते सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

तू खाली टॅक्सीत बॅगा ठेवत होतीस तेव्हा मुकादम परत वर आली. पाणी प्यायला गेली असं तू समजलीस. ती पाणी प्यायली नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि दात आवळून म्हणाली, "तू का सांगितलंस?"

मी म्हटलं, "ते खोटं होतं, बाळा."

"मग आधी तूच का लिहिलंस?"

मी पेला भरून तिच्यापुढे धरला.

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बेडकीलापण गप्प केलं होतं. आई राहणार होती. सगळं नीट होणार होतं, बाबा." तिचा आवाज फुटला. तिने डोळे बाहीला पुसले, आखूड झालेल्या त्या स्वेटरच्या. मी जवळ घ्यायला गेलो तर मागे सरकली.

मग म्हणाली, "बरणी मी काढली म्हणूनच ना? मी ती बरणी काढली नसती तर काहीच झालं नसतं ना?"

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. तू तिला हाक मारलीस. ती धावत जिना उतरली. मी मागे धावलो, पण पायात चप्पल नीट नव्हती, पहिल्या मजल्यावर पोस्टमास्तर आडवे आले, त्यांना काहीतरी विचारायचं होतं, आणि मी फाटकापाशी पोचलो तेव्हा टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती. मी तिथून "नाही" म्हणून ओरडलो. भाजीवाली वळून बघायला लागली. मुकादमने ऐकलं नसेल.

ताईंकडून निघून तू आता मुलींना जिथे नेलंस त्या तुझ्या नव्या खोलीवर फोन नाही. तिथला पत्ता तू दिला नाहीस, तो मागायचा मला अधिकार नाही. काकूंकडून मी ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, काय ते सांगा, निरोप देते. असला निरोप कुणाच्या तोंडी कसा द्यायचा? "तिला सांगा, बरणी तिने काढली, पण ठेवली मी होती" एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. ताईंना वाटलं मी नाटक करतोय. त्यांनी फोन ठेवून दिला.

म्हणून पत्र.

तू तिला सांग. बरणी मी ठेवली. चिठ्ठी मी लावली नाही. खोटं मी लिहिलं. आणि तू जी गेलीस ती त्या बरणीच्या कितीतरी आधी गेली होतीस, हेही सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला पटेल. माझ्यावर तिचा विश्वास आता राहिला नसणार. रागावलेली राहू दे, त्याला माझी हरकत नाही. फक्त हे तिच्यामुळे झालं असं तिला वाटायला नको.

हे मी आत्ताच जलद टपालाने टाकून येतो. टपालवाला म्हणाला, ताईंकडे पोचायला दोन दिवस, मग त्या तुझ्याकडे देतील तेव्हा. तोपर्यंत ती पोर ते मनात घेऊन फिरणार, आणि मला इथे बसून काहीच करता येत नाही.